टेपवरून संपूर्ण सर्व्हर पुन्हा उभा राहील, याची खात्री कशी करावी?

केळीबाग, रावेर

नमस्कार. मी एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी एकटीच आहे, त्यामुळे शंका विचारायला शेजारच्या टेबलावर कोणी नाही. आमच्या अकरा शाखांचे व्यवहार एकाच सर्व्हरवर चालतात. त्यावर सेंटओएस ७ ही लिनक्सची आवृत्ती आहे आणि खात्यांचा डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीवर आहे. सगळा मजकूर २२० जीबीच्या आतबाहेर भरतो: मूळ प्रणाली असलेल्या रूटवर १८, डेटाबेस असलेल्या व्हारमध्ये १४० आणि कर्मचाऱ्यांच्या फाइली असलेल्या होममध्ये ६०.

दोन वर्षांपूर्वी संस्थेने वापरलेला, पण चालू स्थितीतला एलटीओ-५ टेप ड्राइव्ह (एलटीओ ही चुंबकीय टेपची जात, आकडा तिची पिढी) घेतला आणि त्यासोबत एलटीओ-४ च्या सात टेपा मिळाल्या. सोमवार ते शनिवार रोजची एक आणि सातवी महिनाअखेरची, अशी वाटणी आहे. रात्री साडेअकराला एक स्क्रिप्ट चालते. ती आधी रूट आणि बूट, मग व्हार, मग होम असे तीन वेळा टार, म्हणजे फाइली एका गठ्ठ्यात बांधणारी आज्ञा, चालवते आणि तिन्ही वेळा एसटी-शून्य या डिव्हाइसवर लिहिते. यंत्र चालू असतानाच भरलेल्या दिसणाऱ्या प्रॉक, सिस आणि रन या डिरेक्टऱ्या वगळल्या आहेत. एक टार संपले की ड्राइव्ह मिनिटभर घरघरतो, मग पुढचे सुरू होते. पहाटे तीनच्या सुमारास टेप आपोआप बाहेर येते आणि मला 'बॅकअप यशस्वी' असा मेल येतो. दोन वर्षांत तो मेल आला नाही असा दिवस मला आठवत नाही. गेल्या महिन्यात एका लिपिकाच्या हातून होममधली फाइल पुसली गेली, ती मी टेपवरून दहा मिनिटांत काढून दिली. म्हणजे टेप वाचता येते, एवढे मला ठाऊक आहे.

यंदाच्या तपासणीत लेखापरीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: सर्व्हर उद्या जळून गेला, तर कोऱ्या यंत्रावर तो किती तासांत उभा कराल? मला उत्तर देता आले नाही. एखादी फाइल परत आणणे आणि अख्खा सर्व्हर परत आणणे या दोन गोष्टींत नेमका किती फरक आहे, आणि माझ्या या टेपांवरून तो परत येईल का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

जुना ऑपरेटर, भुसावळ

ताई, आपला मजकूर वाचताना मी एका वाक्यापाशी थांबलो. 'एक टार संपले की ड्राइव्ह मिनिटभर घरघरतो' असे आपण लिहिले आहे. ती घरघर टेप गुंडाळून मुळाशी नेल्याची आहे, आणि माझा अंदाज खरा ठरला तर आपल्या सातही टेपांवर फक्त होम आहे.

लिनक्समध्ये त्याच एका टेप ड्राइव्हला दोन नावांनी हाक मारता येते. एसटी-शून्य या नावाने उघडला, तर काम संपून डिव्हाइस बंद होताच ड्राइव्ह टेप सुरुवातीला आणून ठेवतो. एनएसटी-शून्य या नावाने उघडला, तर टेप जिथे थांबली तिथेच राहते. सुरुवातीचा 'एन' म्हणजे 'नो रिवाइंड'. आपली स्क्रिप्ट पहिल्या नावाने लिहिते. म्हणजे रूट लिहून झाला, टेप मागे गेली, आणि व्हार त्याच जागेवर, रूटच्या डोक्यावर लिहिला गेला. मग टेप पुन्हा मागे गेली आणि होम व्हारच्या डोक्यावर लिहिला गेला. तिन्ही टार आपापल्या परीने यशस्वी झाले, म्हणून मेलही खोटा नव्हता. लिपिकाची फाइल मिळाली, कारण ती नेमकी होममधली होती. रूटवरच्या ईटीसीमधली एखादी फाइल मागितली गेली असती, तर हे दोन वर्षांपूर्वीच कळले असते.

यावर कोणी म्हणेल की होम ६० जीबी आणि व्हार १४०, म्हणजे व्हारचे शेपूट तरी टेपेवर उरले असेल. फितीवर ते कदाचित असेलही; परंतु शेवटच्या लेखनानंतर ड्राइव्ह 'इथे मजकूर संपला' अशी खूण करतो आणि त्या खुणेच्या पलीकडे नेहमीच्या कोणत्याही आज्ञेने वाचू देत नाही. त्यामुळे ते नाहीच असे समजावे.

खात्री अशी करा. कालची टेप घ्या आणि आधी तिच्या कोपऱ्यातली लेखनबंदीची खिट्टी सरकवा, कारण घाबरलेल्या अवस्थेत माणूस वाचायच्या ऐवजी लिहून बसतो. मग एमटी या टेप हलवणाऱ्या आज्ञेने टेप रिवाइंड करा आणि एनएसटी-शून्यवरून टारला यादी दाखवायला सांगा. त्यानंतर पुन्हा रिवाइंड करून एक फाइलमार्क, म्हणजे एक टार संपल्याची खूण, ओलांडून पुढे जा आणि पुन्हा यादी मागा. तिसऱ्यांदा रिवाइंड करून दोन फाइलमार्क ओलांडा. प्रत्येक वेळी मुळापासून मोजायचे, आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधायचा नाही, ही सवय आम्हाला रीळच्या टेपांच्या काळात लावली गेली होती आणि ती अजून उपयोगी पडते. तीन ठिकाणी तीन याद्या मिळाल्या, तर मी चुकलो. पहिल्याच ठिकाणी होम दिसले आणि पुढे काहीच नसले, तर आज रात्रीची स्क्रिप्ट तशीच चालू देऊ नका.

केळीबाग, रावेर

आप्पा, आपण बरोबर आहात. सातही टेपा तपासल्या. सातही टेपांवर पहिल्या जागी होम आहे आणि एक फाइलमार्क ओलांडला की ड्राइव्ह पुढे जायलाच तयार नाही. महिनाअखेरची जी टेप मी तिजोरीत ठेवते, तिच्यावरही तेच आहे.

स्क्रिप्टमध्ये डिव्हाइसचे नाव बदलले, सुरुवातीला एकदाच रिवाइंड घातले आणि काल रात्री ती प्रत्यक्ष शेजारी बसून चालवली. मधली घरघर थांबली. तीन याद्या तीन जागी मिळतात. साहेबांना सांगितले आहे, आणि ते काय म्हणाले हे इथे लिहीत नाही. आता पुढचे विचारते: एवढ्याने कोऱ्या यंत्रावर सर्व्हर उभा राहील का?

गिरणाकाठ, चाळीसगाव

अजून नाही, असे मला वाटते, आणि त्याचे मुख्य कारण डेटाबेस आहे. रात्री साडेअकराला शाखा बंद असल्या तरी पोस्टग्रेस चालूच असतो. त्याच्या डेटाच्या फाइली टार एकामागून एक वाचत जातो, आणि १४० जीबी वाचायला तास-दीड तास लागत असेल तर पहिली फाइल साडेअकराची आणि शेवटची एक वाजताची असते. मधल्या काळात व्याज आकारणीसारखे एखादे रात्रीचे काम चालले असेल, तर टेपेवर आलेला डेटाबेस कोणत्याही एका क्षणाचा नसतो. तो परत आणल्यावर सुरू होईल किंवा होणार नाही; आणि सुरू झाला तर त्याच्यावर विश्वास ठेवता येणार नाही, ही स्थिती अधिक वाईट आहे.

यावर दोन उपाय आहेत. टेपेच्या आधी पीजी-डंपने डेटाबेसची निर्यात एका फाइलमध्ये काढून ती फाइल टेपेवर न्यावी, हा सोपा उपाय. दुसरा एलव्हीएमच्या, म्हणजे डिस्कचे व्हॉल्यूम पाडणाऱ्या सोयीच्या, स्नॅपशॉटचा. व्हारचा स्नॅपशॉट घेतला तर तो एका क्षणाचा असतो आणि वीज अचानक गेल्यावर पोस्टग्रेस जसा स्वतःला सावरतो, तसाच त्यातूनही सावरतो. मात्र डेटा आणि त्याची नोंदवही, म्हणजे वॉल, एकाच व्हॉल्यूमवर असायला हवी आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये थोडी जागा मोकळी हवी. एक्सएफएस या फाइलसिस्टीमचा स्नॅपशॉट माउंट करताना 'नो-यूयूआयडी' हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर एकाच ओळखीच्या दोन फाइलसिस्टीम पाहून कर्नल नकार देतो. मी दोन्ही करतो. एकाने सर्व्हर उठतो, दुसऱ्याने मनाची शांती मिळते.

टारऐवजी जुने डंप-रिस्टोर वापरावे असाही विचार मी मांडणार होतो, कारण त्याचे शून्य ते नऊ स्तर रोजच्या छोट्या बॅकअपला सोयीचे असतात.

जुना ऑपरेटर, भुसावळ

डंपचा विचार सोडून द्यावा. लिनक्सवरचा डंप एक्स्ट जातीच्या फाइलसिस्टीमपुरता आहे, आणि सेंटओएस ७ नेहमीप्रमाणे बसवले असेल तर ताईंच्या डिस्कवर एक्सएफएस असणार. तिच्यासाठी एक्सएफएस-डंप वेगळा आहे. शिवाय डंप फाइलसिस्टीमला वळसा घालून थेट डिस्क वाचतो, त्यामुळे मेमरीत असलेले पण डिस्कवर अजून न उतरलेले त्याला दिसत नाही. चालू यंत्रावर त्याच्या भरवशावर राहू नये, असे खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००१ मध्येच बजावले होते. टार १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून आहे, त्याचे नावच टेपेवरून पडले आहे, आणि त्याने लिहिलेले वाचायला जगातले कोणतेही युनिक्स पुरते. आपत्तीच्या दिवशी हा गुण बाकी सगळ्यांपेक्षा मोठा असतो.

मात्र टारला पूर्ण काम सांगावे लागते. मालकांची नावे न लिहिता त्यांचे आकडे लिहायला सांगा, म्हणजे न्यूमेरिक-ओनर. कारण परत आणताना आपण दुसऱ्याच डिस्कवरून बूट केलेले असते आणि तिथे पोस्टग्रेस नावाच्या वापरकर्त्याचा आकडा वेगळा असू शकतो. फाइलींच्या परवानग्यांची आणि सुरक्षेची जादा माहिती, म्हणजे एसीएल, एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट आणि एसई-लिनक्सच्या खुणा, सोबत घ्यायला सांगा. एकाच फाइलसिस्टीमपुरते राहा असे सांगितले, की प्रॉक, सिस आपोआप वगळले जातात आणि कोणी यूएसबी डिस्क लावून ठेवली असेल तर तीही टेपेवर जात नाही. जीझिपचे दाबणे नको. ड्राइव्ह स्वतःच मजकूर दाबतो. आणि जीझिपच्या मोठ्या फाइलीत मध्ये एक डाग पडला, तर पुढचे सगळे हातचे जाते.

आता वेगाविषयी. २२० जीबीला साडेतीन तास म्हणजे सेकंदाला १७ एमबी झाले. एलटीओ-४ ची टेप सेकंदाला १२० एमबी घेऊ शकते. ड्राइव्ह स्वतःचा वेग काही मर्यादेपर्यंत कमी करतो, पण त्याहून कमी मजकूर पोहोचला तर फीत थांबते, थोडी मागे जाते, पुन्हा धाव घेऊन वेग पकडते. कपडे इस्त्री करावेत तशी फीत डोक्याखालून पुढेमागे होत राहते आणि फीत व डोके दोन्ही झिजतात. यासाठी टार आणि टेप यांच्यामध्ये एम-बफर ठेवावा. तो मेमरीत दोन-चार जीबी साठवून मग एका दमात टेपेला देतो. ब्लॉकही मोठा घ्या. टारचा मूळ ब्लॉक १० केबीचा असतो, तो २५६ केबीचा करा, आणि हा आकडा टेपेच्या लेबलवर पेनाने लिहा. तो का लिहायचा, हे आपल्याला पहिल्या रिस्टोरच्या दिवशी कळेल.

एका आज्ञेचा मजकूर दुसरीला देणारी नळी (पाइप) अशी मध्ये जोडली की मेलचा खोटेपणा वाढतो, हेही लक्षात घ्या. शेलमध्ये नळीचा निकाल शेवटच्या आज्ञेचा असतो. टार मधेच मेला आणि एम-बफर नीट संपला, तर स्क्रिप्टला सगळे यशस्वी दिसेल. म्हणून 'पाइप-फेल' हा शेलचा पर्याय चालू करा. मेलवर विसंबणे किती महाग पडते याचे उदाहरण गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचे आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली, तेव्हा रोजचे पीजी-डंप आवृत्ती न जुळल्यामुळे केव्हाचेच फसत होते आणि त्या अपयशाचे मेल वाटेतच नाकारले जात होते, असे त्यांच्या लक्षात आले. हे त्यांनी स्वतः सविस्तर लिहून प्रसिद्ध केले आहे.

राहिला नकाशा. टार फाइली परत देतो, डिस्कची मांडणी देत नाही. पार्टिशनचा तक्ता, एलव्हीएमची रचना, कोणत्या फाइलसिस्टीमचा यूयूआयडी म्हणजे ओळखक्रमांक काय, ती कुठे जोडायची हे सांगणारे एफएसटॅब आणि बसवलेल्या पॅकेजांची यादी हे सगळे एका छोट्या टारमध्ये घालून टेपेवर सर्वांत आधी लिहा, आणि त्याचा कागदी छाप कपाटात ठेवा. टेप वाचायला लागणारी माहिती फक्त टेपेवरच असली, तर किल्ली कुलपाच्या आत राहिल्यासारखे होते.

कपाशी, धुळे

थोडे अवांतर, पण विषयाला धरून लिहितो. माझ्याकडे एआयएक्स या आयबीएमच्या युनिक्सचे एक जुने यंत्र आहे. तिथे एमके-सिस-बी नावाची एकच आज्ञा दिली की बूट होणारी टेप तयार होते. त्या टेपेवर चार भाग असतात: बूटची प्रतिमा, स्थापनेची साधने, एक नावापुरती अनुक्रमणिका आणि चौथ्या जागी रूट-व्हीजीचा, म्हणजे मूळ प्रणाली असलेल्या व्हॉल्यूम ग्रुपचा, खरा बॅकअप. यंत्र टेपेवरूनच उठते आणि डिस्कची मांडणीही स्वतः करते. मात्र रूट-व्हीजीच्या बाहेरचे काहीही त्यात येत नाही, त्यासाठी सेव्ह-व्हीजी वेगळे चालवावे लागते. हे न कळल्यामुळे मी एकदा सर्व्हर अर्ध्या तासात उठवला आणि डेटा शोधण्यात दोन दिवस घालवले. लिनक्सवर त्या धर्तीचे काम रिलॅक्स-अँड-रिकव्हर करते. ताईंनी तेही पाहावे, पण हाताने एकदा सगळे केल्यानंतरच.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, हे तिथल्या लोकांना मी सांगायला नको. एलटीओच्या टेपा दीर्घकाळ ठेवायच्या तर १६ ते २५ अंशांच्या दरम्यान ठेवाव्यात असे उत्पादक सांगतात. मी एका वर्षी महिन्याची टेप मोटारसायकलच्या डिकीत टाकून दुपारी घरी नेली आणि संध्याकाळी ती ड्राइव्हने बाहेर फेकली. आता टेपा सकाळी आठच्या आत हलतात, आणि बाहेरून आलेली टेप एक दिवस एसीच्या खोलीत ठेवल्याशिवाय ड्राइव्हमध्ये जात नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या कार्यालयांत तंतू उडतात, तेव्हा ड्राइव्हचा साफसफाईचा दिवा लागला की त्याच दिवशी क्लीनिंग टेप घालावी. आणि दिवा लागला नसेल तर उगीच घालू नये, कारण तीही डोके घासतेच.

केळीबाग, रावेर

सर्वांचे आभार. रविवारी प्रत्यक्ष करून पाहिले, त्याचा वृत्तान्त लिहिते. तो थोडा लांबेल.

स्टोअररूममध्ये पडून असलेला दुसऱ्या बनावटीचा एक सर्व्हर घेतला आणि त्यात कोरी डिस्क घातली. टेपचा ड्राइव्ह एसएएस या जोडणीचा आहे. नव्या यंत्रातल्या रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डाला जोडला तर तो दिसेचना, म्हणून मूळ सर्व्हरमधले साधे एसएएस कार्ड काढून इकडे बसवावे लागले. सर्व्हर खरोखर जळाला असता तर हे कार्डही गेले असते, ही गोष्ट मी पहिल्या पाऊण तासातच वहीत लिहून ठेवली.

इंटरनेटवरून नवीन आवृत्तीची एक लाइव्ह डिस्क उतरवून तिच्यावरून यंत्र सुरू केले आणि टेपेवरचा नकाशा वाचायला गेले. टारने उत्तर दिले की मेमरी मिळू शकत नाही. यंत्रात १६ जीबी मेमरी आहे. वीस मिनिटे मी मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवत होते, तेव्हा लेबलवर माझ्याच अक्षरात '२५६' लिहिलेले दिसले. टेपेवरचा ब्लॉक २५६ केबीचा, आणि मी टारला काहीच न सांगितल्यामुळे तो १० केबीचे भांडे घेऊन उभा. ड्राइव्हरने 'मावत नाही' या अर्थी मेमरीची चूक दाखवली होती. आकडा दिला आणि यादी सुरू झाली. आप्पा, कळले.

नकाशा पाहून पार्टिशन केले, एलव्हीएम बांधले, एक्सएफएस तयार केली आणि एक फाइलमार्क, दोन फाइलमार्क असे मोजत रूट, व्हार, होम उतरवले. या भागात काही अडचण आली नाही, फक्त बसून राहायचे होते. एम-बफरमुळे सगळे मिळून सव्वा तासात संपले. मग प्रॉक, सिस आणि डेव्ह आत जोडून चेरूट केले, म्हणजे उतरवलेल्या प्रणालीत शिरले, ग्रब हा बूट लोडर बसवला, एफएसटॅबमधले जुने यूयूआयडी बदलले आणि यंत्र पुन्हा सुरू केले.

यंत्र उठले नाही. नव्या लाइव्ह डिस्कने तयार केलेल्या एक्सएफएसमध्ये अशा नव्या सोयी आपोआप चालू होत्या, ज्या सेंटओएस ७ च्या ३.१० कर्नलला ठाऊकच नाहीत. घर बांधून झाल्यावर किल्ली दाराला लागू नये तसे झाले. दुपारी अडीच वाजता सगळे पुसले आणि सेंटओएस ७ च्याच स्थापनेच्या डिस्कवरून, तिच्या रेस्क्यू मोडमध्ये, पुन्हा पहिल्यापासून केले. ती डिस्क आता टेपांच्या पेटीतच ठेवली आहे. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपलेला असल्याने ती पुढे सहज मिळेल या भरवशावर राहायला मी तयार नाही.

दुसऱ्या वेळी कर्नल सुरू झाला, पण रूट डिस्क सापडत नाही म्हणून ड्रॅकट या बूटच्या साधनाच्या काळ्या पडद्यावर येऊन थांबला. इनिट-रॅम-एफएस ही बूटच्या सुरुवातीची छोटी प्रणाली ज्या यंत्रावर तयार होते त्याच यंत्रापुरते ड्रायव्हर घेते, आणि हे यंत्र वेगळे होते. बूटच्या मेनूत सर्वांत खाली 'रेस्क्यू' नावाची एक ओळ असते, जी मी इतकी वर्षे निरुपयोगी समजत आले. तिच्यात सगळे ड्रायव्हर असतात. तिच्यावरून यंत्र उठले, मग ड्रॅकट चालवून नवे इनिट-रॅम-एफएस बनवले. एसई-लिनक्सच्या खुणा पुन्हा लावण्यासाठी ऑटो-रिलेबलची फाइल ठेवली होती, त्यात वीस मिनिटे गेली. नेटवर्क कार्डाचे नाव बदलल्याने पत्ता हाताने द्यावा लागला.

डेटाबेस मी गिरणाकाठ दादांनी सांगितल्याप्रमाणे पीजी-डंपच्या फाइलीतून भरला. रात्री सव्वासातला आमच्या लेखापालांना बोलावले होते. त्यांनी शनिवारच्या तारखेची तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची यादी, नव्या यंत्रावर काढली आणि शनिवारी छापलेल्या तेरजेशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. सातव्या पानावर ते एकदा थांबले, तेव्हा माझा श्वास अडकला. पण त्यांना फक्त चष्मा पुसायचा होता. तेरीज पैशापर्यंत जुळली.

सकाळी साडेनऊला सुरुवात केली होती, म्हणजे पावणेदहा तास लागले. मधली चुकीची फेरी आणि मेमरीच्या पट्ट्या वजा केल्या तर साडेपाच तास होतात. लेखापरीक्षकांना मी 'एक कामाचा दिवस' असे लेखी कळवते आहे. ही चाचणी वर्षातून दोनदा करायचा प्रस्तावही सोबत देते आहे.

एक शंका उरली. ड्राइव्ह एकच आहे. तोच गेला तर या टेपा कशाने वाचायच्या? दुसरा घ्यायचा तर कोणता?

जुना ऑपरेटर, भुसावळ

तेरीज जुळल्याचे वाचून बरे वाटले. 'रेस्क्यू' ओळीविषयी मला लिहायला हवे होते, ते राहून गेले.

ड्राइव्हचे असे आहे. एलटीओ-७ पर्यंतचा प्रत्येक ड्राइव्ह स्वतःच्या आणि मागच्या एका पिढीच्या टेपेवर लिहितो आणि मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचतो. म्हणून आपल्या एलटीओ-४ च्या टेपा एलटीओ-६ चा ड्राइव्ह वाचेल, पण त्यांच्यावर लिहिणार नाही. एलटीओ-७ चा ड्राइव्ह त्या वाचणारही नाही. एलटीओ-८ आणि ९ ला तर मागची एकच पिढी वाचता येते. केवळ नवीन आहे म्हणून कोणी एलटीओ-७ किंवा ८ गळ्यात मारत असेल, तर आपल्या उपयोगाचा नाही. दुसरा एलटीओ-५ मिळाला तर उत्तम, नाहीतर एलटीओ-६ घ्या आणि पुढच्या टेपा एलटीओ-५ च्या घ्या, म्हणजे दोन्ही ड्राइव्ह त्या वाचतील आणि लिहितीलही. सोबत त्या साध्या एसएएस कार्डाची जोडी घ्यायला विसरू नका. आणि दुसरा ड्राइव्ह मुख्य कार्यालयात न ठेवता, महिन्याच्या टेपा ज्या शाखेत जातात तिथे ठेवा.

त्या टेपा बाहेर जाणार असतील तर खातेदारांची माहिती उघडी जाऊ नये. एलटीओ-४ पासून ड्राइव्ह स्वतःच २५६ बिटांच्या एईएसने मजकूर कुलूपबंद करू शकतो; फक्त किल्ली टेपेच्या पेटीत ठेवायची नाही.

केळीबाग, रावेर

एलटीओ-६ चा एक वापरलेला ड्राइव्ह बघून ठेवला आहे. कार्डासकट मागणी टाकते, आणि तो सावदा शाखेत बसेल. किल्ली दोन पाकिटांत लिहून एक अध्यक्षांच्या आणि एक व्यवस्थापकांच्या ताब्यात लाखबंद द्यायचे ठरले आहे. पुढची चाचणी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, नव्या ड्राइव्हवर आणि एनक्रिप्शन चालू ठेवून करीन.